परवाना दिल्लीचा, प्लॉट मुंबईचा: महाराष्ट्राच्या उद्योग खात्यानं नेमकं केलं काय?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. तो म्हणतो, "पुस्तकात तीन तारखा देतात: १९६२ एमआयडीसी, १९७८ जिल्हा उद्योग केंद्र, १९९१ उदारीकरण. पण महाराष्ट्र उद्योगात पुढे गेला त्यात उद्योग विभागाचा हात किती? मुंबई आधीपासून होतीच. खातं नसतं तरी हे सगळं झालंच असतं ना?"

अर्धं झालं असतं. मुंबईतल्या गिरण्या, बंदर, बँका, शेअर बाजार यांतलं काहीच खात्यानं उभं केलेलं नाही. पण पिंपरी, भोसरी, सातपूर, चिकलठाणा, वाळूज, बुटीबोरी ही नावं आज आपण ज्या अर्थानं घेतो, तो अर्थ त्यांना खात्यामुळे आला. माझी नोकरी जिल्हा उद्योग केंद्रात आणि पुढे उद्योग संचालनालयात झाली, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी घटनेचं बघा, कारण तिथेच सगळी मेख आहे. सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली २४वी नोंद 'उद्योग' अशी आहे, पण केंद्रसूचीतल्या ७व्या आणि ५२व्या नोंदींच्या अधीन. संसदेनं एखादा उद्योग सार्वजनिक हितासाठी केंद्राच्या नियंत्रणाखाली घेतला की राज्याचा अधिकार तिथे संपला. १९५१च्या उद्योग (विकास व विनियमन) कायद्यानं एकेक करत बहुतेक सगळे महत्त्वाचे उद्योग असे दिल्लीकडे गेले. विजेवर चालणारा ५० कामगारांचा किंवा विजेविना १०० कामगारांचा कारखाना असला की परवान्याचा प्रश्न आला. स्कूटर किती काढायच्या, सिमेंट कुणी करायचं, परदेशी यंत्र आणता येईल का, हे दिल्लीच्या उद्योग भवनात ठरायचं. मुंबईकडून मागवला जायचा तो 'राज्य शासनाचा अभिप्राय'. जुन्या फायलींमध्ये तो बहुधा एका परिच्छेदात आटपलेला दिसतो: जागा उपलब्ध, पाणी उपलब्ध, शिफारस करण्यात येते.

थोडक्यात, कारखाना कुणी काढायचा हे दिल्लीनं ठरवलं आणि तो कुठे काढायचा, याचा बराचसा भाग मुंबईच्या हाती राहिला. राज्याकडे उरलं होतं ते जमीन, पाणी, वीज आणि विक्रीकर. पुढची सगळी धोरणं या चार गोष्टींतूनच निघाली आहेत.

त्याआधीचं खातं फारच किरकोळ होतं. १९१९च्या सुधारणांनी उद्योग हा विषय प्रांतांकडे आला, मुंबई इलाख्यात उद्योग संचालक होता, पण कामाचा आवाका हातमाग, कातडी कमावणं, कारागिरांचं प्रशिक्षण एवढाच. जुनी जिल्हा गॅझेटिअर उघडलीत तर १९३५च्या नियमांखाली लहान उद्योगांना दिलेल्या कर्जांचे आकडे सापडतील. रकमा पाहून हसू येईल. टाटा, वालचंद, किर्लोस्कर यांच्यापैकी कुणाचंही या खात्यावाचून काही अडलं नव्हतं.

खरी सुरुवात १९६०ला. राज्य झालं आणि पहिल्याच वर्षी बोरकर समितीच्या शिफारशीवरून, १ ऑक्टोबर १९६०ला, उद्योग विभागाखाली औद्योगिक विकास मंडळ स्थापन झालं. त्या मंडळानं स्वतःच्या जागी येणाऱ्या महामंडळाचा कायदा लिहिला आणि १ ऑगस्ट १९६२ला ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ सुरू झालं. मंडळाचं महामंडळ का केलं? कारखानदाराला जागा महसूल खात्याकडून, रस्ता बांधकाम खात्याकडून, पाणी पाटबंधाऱ्याकडून आणि बांधकाम परवानगी ग्रामपंचायतीकडून घ्यावी लागली असती, तर पाच वर्षं गेली असती. एमआयडीसीला हे चारही अधिकार एका कायद्यात मिळाले. आपल्या क्षेत्रात ती जमीनमालक, पाणीपुरवठादार, रस्तेवाली आणि नियोजन प्राधिकरण, सगळं काही आहे. देशात असं इतकं लवकर आणि इतक्या ताकदीनं फार थोड्या राज्यांनी केलं. शेजारच्या गुजरातनं त्याच वर्षी जीआयडीसी काढली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दोन्ही राज्यांचं खातं एकच होतं, हे विसरू नका.

एमआयडीसीच्या कायद्याचं सहावं प्रकरण भूसंपादनाचं. गावाकडे त्याला प्रकरण कुणी म्हणत नाही. '३२-२ची नोटीस आली' (म्हणजे कलम ३२(२)ची) म्हटलं की सगळ्यांना कळतं. नोटिशीनंतर संयुक्त मोजणी. भूमी अभिलेखचा भूकरमापक, तलाठी, एमआयडीसीचा सर्व्हेअर आणि बांधावर उभे असलेले खातेदार. आंब्याची झाडं किती, त्यातली फळती किती, विहीर बांधीव की कच्ची, गोठा पत्र्याचा की कौलारू, सगळं पंचनाम्यात. सर्वांत जास्त वाद विहिरीवरून होतात, कारण ती चार भावांत सामाईक असते आणि सातबाऱ्यावर एकाच्याच नावानं नोंद असते. एकदा का इतर हक्कात एमआयडीसीची नोंद पडली की त्या जमिनीवर बँक पीककर्ज द्यायला कचरते आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. संपादन पुढे वर्षानुवर्षं रेंगाळलं तरी 'शिक्का' तसाच. आजही जिल्ह्या-जिल्ह्यांतून शिक्के उठवण्यासाठी निवेदनं येत असतात.

माझं स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रातल्या उद्योगांना मिळालेली पहिली आणि सर्वांत मोठी सवलत सरकारी तिजोरीतून गेलीच नाही. ती शेतकऱ्यानं दिली. शेतीच्या भावानं घेतलेली जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं, रस्ता-पाण्यासकट, वाजवी प्रीमियमवर कारखानदाराला मिळाली. हे धोरण यशस्वी होतं असं मी म्हणतो तेव्हा ही किंमत धरून म्हणतो.

पाण्याचं महत्त्व पुस्तकांत येतच नाही. अंबरनाथ-डोंबिवली पट्ट्यासाठी एमआयडीसीनं बदलापूरजवळ बारवीचं धरण बांधलं, १९७२ साली. उद्योगाच्या महामंडळानं स्वतःचं धरण बांधायचं ही कल्पनाच त्या काळी धाडसाची. आज त्याच पाण्यावर उल्हासनगर, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवलीतली लाखो माणसं जगतात. ठाणे जिल्ह्यात पाणीकपातीची बातमी एमआयडीसीच्या नावानं का येते, असं पुष्कळ जण विचारतात. त्याचं कारण हे. विजेचंही तेच. कोयनेचा पहिला टप्पा १९६२ला सुरू झाला. कायदा, वीज आणि धरण दहा-अकरा वर्षांत हाताशी आली हा योग होता, नुसतं नियोजन नव्हे.

पिंपरी-चिंचवडचं उदाहरण घ्या. तिथे १९५४ पासून केंद्राची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होती. साठच्या दशकात एमआयडीसीनं मुंबई-पुणे रस्त्यालगत जमीन घेतली, टेल्को (आजची टाटा मोटर्स) आली, बजाज ऑटो आली. मोठे कारखाने सगळ्यांना दिसतात. खात्याचं चातुर्य त्यांच्या बाजूच्या छोट्या प्लॉटांत होतं. भोसरीचा जे ब्लॉक, एस ब्लॉक फिरून या. मोठ्या कारखान्यात सुपरवायझर असलेला माणूस कर्ज काढून दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन घेऊन बसला आणि जुन्या मालकाचंच जॉबवर्क करू लागला, अशी घरं तिथे गल्लीगणिक सापडतात. मोठ्या भूखंडाशेजारी मुद्दाम लहान भूखंड आणि तयार शेड ठेवले नसते, तर हे सगळे सुटे भाग मुंबईहून किंवा बाहेरच्या राज्यातून आले असते. कुठल्याही धोरणपत्रात हा निर्णय ठळक अक्षरांत सापडणार नाही. तो ले-आउटच्या नकाशावर आहे.

आता सवलती. १९६४ साली पहिली सामूहिक प्रोत्साहन योजना आली. उद्देश एकच लिहिला होता: मुंबई-ठाणे-पुणे सोडून उद्योग मागास भागात जावेत. तेव्हापासून योजना बदलत गेली, १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३, २०१९, पण सांगाडा तोच. तालुक्यांचे गट पाडायचे. पुढारलेला 'अ', मग 'ब', 'क', 'ड', 'ड+', आणि सर्वांत शेवटी गडचिरोलीसारखा उद्योगविरहित जिल्हा. जितका मागास तितकी सवलत जास्त आणि जास्त वर्षं.

त्यात सर्वांत मोठी सवलत होती विक्रीकराची. एक प्रकार सरळ माफीचा. दुसरा लांबणीवर टाकण्याचा, आणि तो फार गमतीचा होता. कारखानदारानं गिऱ्हाइकाकडून कर वसूल करायचा, तो सरकारजमा न करता स्वतःच्या धंद्यात वापरायचा आणि कैक वर्षांनी हप्त्यानं, बिनव्याजी परत करायचा. महागाईचे दिवस, बँकेचं व्याज चढं. अशा वेळी बिनव्याजी खेळतं भांडवल म्हणजे काय हे कुठल्याही मुनिमाला विचारा. पुढे सरकारनं ही देणी आजच्या मूल्यानं आधीच फेडायची मुभा दिली, म्हणजे रुपयाचं देणं थोड्या पैशांत मिटलं. त्या फरकावर आयकर लागतो की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

योजना राबवायला सिकॉम ही राज्याची वित्तसंस्था होती, स्थापना १९६६. मोठे प्रकल्प तिच्याकडे, लहान आमच्या जिल्हा केंद्राकडे. पात्रता प्रमाणपत्राच्या फायलीत तीन गोष्टी बघायच्या: जमिनीचा ताबा, कर्जमंजुरी, यंत्रांची ऑर्डर. मग स्थळपाहणी. एका मागास तालुक्यातली पाहणी सांगतो. शेडला रंग ताजा, यंत्रावरचं लाकडी खोकं अजून उघडलेलं नाही, वीजमीटरवरचे आकडे पहिल्या पानावरच, आणि विक्रीची बिलं मात्र महिन्याला ठरल्याप्रमाणे. माल कुठे तयार होत होता हे सांगायला नको. तो पुण्याहूनच निघत होता, फक्त बिल मागास तालुक्याचं फाटत होतं. अशांना आम्ही आपसांत 'सबसिडी युनिट' म्हणायचो. सवलतीची मुदत संपली की शटर खाली.

मग योजना फसली का? सगळीकडे नाही. वाळूजला ती लागू पडली. पण तिथे सवलत एकटी नव्हती. जायकवाडीचं पाणी होतं, शेजारच्या औरंगाबाद शहरात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय होतं, चिकलठाण्यात आधीची वसाहत होती आणि ऐंशीच्या दशकात बजाजसारखा मोठा कारखाना आला, त्याच्यामागे पुरवठादार आले. यांतलं काहीच नसलेल्या तालुक्याला कितीही वरची सवलत दिली तरी तिथे गेला तो फक्त कर वाचवणारा. आमदारांचा आग्रह मात्र कायम एकच असायचा, 'आमचा तालुका क मधून ड+ मध्ये घ्या'. आपला तालुका जास्त मागास ठरावा म्हणून इतकी धडपड मी दुसऱ्या कुठल्या कामात पाहिली नाही. पुढे तालुक्या-तालुक्यात छोटी औद्योगिक क्षेत्रं काढली गेली. त्यातल्या कित्येकांत आज गोदामं आणि मंगल कार्यालयाची चौकशी करणारे लोक दिसतील.

दुसरीकडे मुंबईत नवे मोठे कारखाने नकोत, हे सत्तरच्या दशकापासूनचं धोरण. ते बाहेर जावेत म्हणजे नाशिकला, कोकणात, मराठवाड्यात जावेत अशी अपेक्षा. काही गेले. पण कारखानदार नकाशा राज्याच्या हद्दीत राहून बघत नाही. सीमेवरची तलासरी ओलांडली की गुजरातचं वापी, तिथून हाकेच्या अंतरावर सिल्वासा आणि दमण, तिथे करसवलती, आणि मालक राहायला मुंबईतच. आमच्या विकेंद्रीकरणाचा मोठा लाभार्थी वापी ठरला, हे खात्यातले लोक चहावर कबूल करायचे, टिपणीत लिहायचे नाहीत.

खात्याच्या हातात नव्हतं तेही ध्यानात घ्या. ग्रामीण महाराष्ट्रातला सर्वांत मोठा उद्योग साखरेचा. १९५०चं प्रवरानगर आणि त्यानंतरचे सगळे सहकारी कारखाने सहकार खात्यानं आणि साखर आयुक्तालयानं वाढवले. सूतगिरण्या वस्त्रोद्योगाकडे. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं, ते नगरविकास खात्याच्या विकास नियंत्रण नियमावलीनं ठरवलं. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७०ला सिकॉमची उपकंपनी म्हणून जन्मली खरी, पण तीही लवकरच नगरविकासाची झाली.

जिल्हा उद्योग केंद्रांबद्दल. डिसेंबर १९७७ मध्ये जनता सरकारचं औद्योगिक धोरण आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री, आणि १ मे १९७८ पासून ही केंद्रं सुरू झाली. लहान उद्योजकाला एका छपराखाली सगळं मिळावं, ही कल्पना चांगली. प्रत्यक्षात सुरुवातीची गर्दी नोंदणी क्रमांकासाठी असायची, कारण क्रमांक असला की टंचाईच्या कच्च्या मालाचा कोटा मिळायचा. लोखंड, मेण, काय वाटेल ते. मेणबत्तीच्या कारखान्याची तपासणी म्हणजे एक कढई, चार साचे आणि भिंतीला टेकवलेली पाटी. मेण कोट्याच्या भावानं उचलायचं आणि बाजारभावानं विकायचं, मेणबत्ती करण्यापेक्षा त्यात जास्त सुटायचं. नियंत्रणं उठली तशी ती रांगही उठली. नंतर सुशिक्षित बेरोजगार, बीज भांडवल, पंतप्रधान रोजगार योजना असं करत आमचं केंद्र मुख्यतः कर्जप्रकरणं बँकेकडे पाठवणारं कार्यालय झालं. काही प्रकरणांतून खरे उद्योजक उभे राहिले, बऱ्याच प्रकरणांतून किराणा दुकानं. दुकानानं घर चाललं असेल तर मला त्याचं वाईट वाटत नाही, पण त्याला औद्योगिक धोरण म्हणू नये.

२४ जुलै १९९१ला परवाना राज संपलं. उद्योग खातं तेव्हा पंतप्रधान नरसिंह रावांकडेच होतं. १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांना परवान्याची गरज उरली नाही. लोकांना वाटतं, त्या दिवशी सरकारची भूमिका कमी झाली. राज्यांच्या बाबतीत ती वाढली. कारखानदार आता दिल्लीला न जाता थेट पाच मुख्यमंत्र्यांकडे जाऊ लागला आणि विचारू लागला, 'तुम्ही काय देता?' विक्रीकराच्या लिलावात सगळीच राज्यं इतकी पोळली की १ जानेवारी २०००पासून किमान दर पाळायचे आणि करसवलती थांबवायच्या असं त्यांनी मिळून ठरवलं. सवलती थांबल्या नाहीत. करमाफीचं नाव गेलं आणि 'औद्योगिक विकास अनुदान' आलं, म्हणजे कर भरा आणि तेवढा परत घ्या. २००५पासून विशाल (मेगा) प्रकल्पांसाठी प्रत्येकाशी वेगळी बोलणी सुरू झाली. चाकण-रांजणगाव-तळेगावचा मोटारींचा पट्टा याच काळात भरला. जीएसटी आल्यावर परतावा राज्याच्या हिश्श्याच्या जीएसटीतून, आणि त्यात एक अडचण निघाली: माल परराज्यात विकला तर तो कर महाराष्ट्राला मिळतच नाही, मग परत काय द्यायचं? यावर किती बैठका झाल्या ते विचारू नका.

चाकण मागास कधीच नव्हतं. सवलतींचा उद्देश १९६४ला 'मुंबई-पुण्याबाहेर' असा होता आणि २००५नंतर तो 'महाराष्ट्राबाहेर जाऊ नये' असा झाला. खात्याच्या इतिहासातलं माझ्या मते हे सर्वांत मोठं वळण आहे, आणि ते कुणी जाहीर केलं नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा 'प्रकल्प पळवला' म्हणून केवढा गदारोळ झाला. पुढच्या जुलैत फॉक्सकॉननंच अंग काढून घेतलं. आरोप-प्रत्यारोप सोडून त्यातलं एक बघा: सेमीकंडक्टरच्या खर्चातला मोठा वाटा केंद्र उचलणार होतं. २०२०पासूनच्या उत्पादन-निगडित प्रोत्साहन योजनाही केंद्राच्याच. पैसे कुणाला, हे परत दिल्ली ठरवू लागली आहे. राज्याकडे उरलं पुन्हा तेच, जमीन आणि पाणी. औरंगाबादजवळच्या शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या नव्या औद्योगिक शहराच्या कंपनीत एमआयडीसीचा ५१ टक्के वाटा आहे आणि उरलेला केंद्राच्या औद्योगिक कॉरिडॉर ट्रस्टचा, ही रचनाच ते सांगते.

एक डाग राहिला. रासायनिक वसाहती. महाराष्ट्रानं जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९लाच केला, प्रदूषण नियंत्रणाचं मंडळ १९७०ला आलं, तरी २००९च्या केंद्रीय यादीत डोंबिवली, तारापूर, चंद्रपूर, औरंगाबाद, नवी मुंबई ही गंभीर प्रदूषित क्षेत्रं निघाली. डोंबिवलीत २०१६ आणि २०२४ला स्फोट झाले तेव्हा कारखान्याच्या भिंतीला लागून घरं होती. वसाहत आखली तेव्हा तिथे माळ होता. मधला हरित पट्टा राखायचं काम एमआयडीसीचं, पालिकेचं की महसूलचं, यावर मी निवृत्त होईपर्यंत पत्रव्यवहार चालूच होता.

तुम्हाला परीक्षेपलीकडे यात रस असेल तर धोरणांच्या प्रस्तावना वाचण्यात वेळ घालवू नका, त्या सगळ्या सारख्याच असतात. प्रोत्साहन योजनेच्या प्रत्येक शासन निर्णयाला शेवटी तालुक्यांच्या गटांचं परिशिष्ट जोडलेलं असतं. १९८८, २००१ आणि २०१९ची परिशिष्टं शेजारी ठेवा, आपल्या जिल्ह्यातला तालुका कुठून कुठे सरकला ते बघा, आणि मग तिथल्या एमआयडीसीत जाऊन किती भूखंडांवर चिमणी आहे आणि किती भूखंडांवर बाभळी, ते मोजून या.